रंगपंचमीच्या गेरचे फोटो: फाईलच्या नावात वेळ घालायची, पण नेमकी कुठली?

जुनी_इंदूर (प्रश्न)

मंडळाकडे १९ मार्च २०२५ च्या गेरचे, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचे फोटो आणि व्हिडिओ जमा झालेत. राजवाडा, गोराकुंड आणि टोरी कॉर्नर अशा तीन ठिकाणी वेगवेगळी माणसं उभी होती. सगळं एका फोल्डरमध्ये, घडलं त्या क्रमानं लागावं म्हणून प्रत्येक फाईलच्या नावाच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ घालायची आहे. फाइली दोन हजारांच्या आसपास, तेव्हा हातानं होण्यासारखं काम नाही.

माल असा आहे: एक निकॉन (रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाईल, आणि जेपेग दोन्ही), एक कॅनन, चार-पाच अँड्रॉइड फोन, एक आयफोन, ढोल-ताशाचं वेगळं ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये, आणि उरलेलं सगळं व्हॉट्सॲपवरून आलेलं. कॉम्प्युटर विंडोज ११ चा.

थोड्या प्रती वेगळ्या काढून त्यांच्यावर पॉवररीनेम आणि बल्क रीनेम युटिलिटी ही एकदम अनेक नावं बदलणारी टूल चालवून पाहिली. अडचणी अशा:

फोटोंच्या नावात कॉपी केल्याची वेळ येते, काढल्याची नाही. फोनचे व्हिडिओ साडेपाच तास आधीचे दिसतात. सकाळी साडेअकराचा व्हिडिओ सहा वाजताचा म्हणून वर जाऊन बसतो. एका प्रयोगात मिनिटांच्या जागी सगळीकडे ०३ आलं. निकॉनच्या एका सेकंदात चार-पाच फ्रेम असतात, त्यांची नावं एकमेकांवर आदळतात. आणि एक शंका: नावात मराठी शब्द ठेवले तर चालतात का?

लष्करवाली (ग्वाल्हेर)

टूल बदलण्याआधी वेळ कुठून घ्यायची ते ठरवा. विंडोज प्रत्येक फाईलच्या तीन वेळा दाखवतं: निर्मिती, बदल आणि शेवटचा वापर. फाईल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की निर्मितीची वेळ नवी होते, बदलाची वेळ मात्र मूळ फाईलची येते. म्हणून कॉपी केलेल्या फोटोत 'बदल' आधी आणि 'निर्मिती' नंतर असं उलटं चित्र दिसतं. ते बिघाडाचं लक्षण नाही. पॉवररीनेम नावात वेळ घालतं ती मुळात या निर्मितीची, त्यामुळे तुम्हाला कॉपीची वेळ मिळाली.

बदलाची वेळ त्यापेक्षा बरी, पण तिच्यावरही विसंबू नका. कुणी फोटो फिरवून सेव्ह केला की ती गेली.

काढल्याची खरी वेळ फाईलच्या पोटात, एक्झिफमध्ये (कॅमेरा फोटोसोबत लिहून ठेवतो त्या माहितीत) असते. तिथेही तीन रकाने आहेत. डेटटाइमओरिजिनल म्हणजे शटर दाबल्याची वेळ. क्रिएटडेट म्हणजे डिजिटल रूपात आल्याची. कॅमेऱ्यात या दोन्ही सारख्याच असतात, स्कॅन केलेल्या जुन्या फोटोत त्या वेगळ्या असू शकतात. तिसरा मॉडिफायडेट, तो एडिटिंगचा. तुम्हाला पहिला हवा.

एक्झिफमधली वेळ म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ दाखवत होतं ती, नुसती. ती भारतातली की दुबईतली हे त्यात लिहिलेलं नसायचं. टाइमझोनचा वेगळा रकाना २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आला, तो नवे फोन आणि नवे कॅमेरे भरतात, जुने भरत नाहीत.

व्हिडिओचा हिशोब उलटा आहे. एमपी४ आणि एमओव्ही या फाइलींत वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि नियमाप्रमाणे ती यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते. फोन हा नियम पाळतात, म्हणून साडेपाच तासांचा फरक. कॅमेरे अनेकदा पाळत नाहीत, स्थानिक वेळच तिथे टाकून देतात. म्हणजे सगळ्या व्हिडिओंना सरसकट साडेपाच तास जोडले तर फोनचे बरोबर होतील आणि कॅमेऱ्याचे संध्याकाळवर जातील. प्रत्येक उपकरणाचा एकेक व्हिडिओ उघडून, त्याच माणसानं त्याच सुमारास काढलेल्या फोटोशी ताडून पाहा, मगच त्या उपकरणाचा नियम ठरवा. आयफोनच्या एमओव्हीत क्रिएशनडेट नावाचा आणखी एक रकाना असतो, त्यात टाइमझोनसकट स्थानिक वेळ असते. आयफोनसाठी तोच घ्या. आणि एखाद्या व्हिडिओवर १९०४ साल दिसलं, तर वेळेचा रकाना रिकामा आहे असं समजायचं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटोतलं एक्झिफ काढून टाकलं जातं. अँड्रॉइडवर नावात तारीख आणि 'डब्ल्यूए' पुढे क्रमांक असतो, पण ती तारीख त्या फोनवर फोटो आल्या-गेल्याची आहे. गेरचा फोटो दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड झाला तर नावात २० मार्च येतं. वेबवरून उतरवलेल्या फाईलच्या नावात तासमिनिटंही असतात; ती मेसेजची, शटरची नव्हेत. यांतून खरी वेळ काढता येत नाही, तेव्हा ती बनवूही नका. तारीख नक्की माहीत असेल तर ती घाला आणि वेळेच्या सहा जागी सहा 'एक्स' अक्षरं ठेवा. अक्षरं अंकांनंतर लागतात, त्यामुळे असे फोटो त्या दिवसाच्या शेवटी एकत्र जमतात. तिथे सहा शून्यं घातली तर कुणीतरी ती मध्यरात्र समजेल. ज्यांनी पाठवलेत त्यांच्याकडून महत्त्वाचे फोटो पुन्हा मागवता आले तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, तसं पाठवलं की मूळ फाईल जशीच्या तशी येते.

छावणीकर (इंदूर)

ताईंनी सांगितलेलं आधी वाचा. मी नावाचा साचा आणि टूल यांवर लिहितो. खाली अंक देवनागरीत लिहिलेत, फाईलच्या नावात मात्र रोमनच ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअर तारीख शोधताना तेच अंक शोधतात.

साचा: २०२५०३१९_११३०४५_एन_४५१२. वर्ष, महिना, दिवस; अधोरेषा; चोवीस तासांच्या हिशोबात तास, मिनिट, सेकंद; मग उपकरणाचं अक्षर; शेवटी कॅमेऱ्यानं दिलेला मूळ क्रमांक. वेळेत अपूर्णविराम (:) नको, विंडोजमध्ये ते नावात चालत नाही. तिरकी रेघही नाही. दिवस-महिना-वर्ष या आपल्या रोजच्या क्रमानं लिहिलं तर नावानुसार लावताना सगळ्या महिन्यांच्या १९ तारखा शेजारी येतात, म्हणून वर्ष पुढे.

मूळ क्रमांक कधीही टाकून देऊ नका. एका सेकंदातल्या पाच फ्रेमची टक्कर त्यानंच सुटते. रॉ आणि जेपेगची जोडीही त्यानंच टिकते. टूल आपोआप पुढे -१, -२ असे आकडे लावतं तेव्हा एक बारीक घोळ होतो: मधलं एखादं जेपेग कुणी डिलीट केलेलं असेल तर पुढच्या सगळ्यांचे आकडे एकेक घर सरकतात, आणि एका फ्रेमचं जेपेग दुसऱ्याच फ्रेमच्या रॉशी जोडलं जातं. हे लगेच दिसत नाही. फोटो निवडून रॉ उघडायला घेतला की मग कळतं.

कॅमेऱ्याचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, म्हणून नुसत्या क्रमांकावरही भिस्त नको. वेळ आणि क्रमांक दोन्ही हवेत.

आता मिनिटांच्या जागी ०३ का आलं ते. ०३ म्हणजे मार्च. एम या अक्षरावर सगळ्या टूलमध्ये हा गोंधळ आहे आणि प्रत्येकाची रीत वेगळी. पॉवररीनेम आणि पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची सोय) मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिट. बल्क रीनेम युटिलिटीच्या कस्टम फॉरमॅटमध्ये आणि एक्झिफटूलमध्ये टक्का चिन्ह लावून लिहायचं आणि तिथे बरोबर उलट: लहान एम महिना, मोठा एम मिनिट. एका टूलचा साचा दुसऱ्यात जसाच्या तसा नेला की हेच होणार. पॉवरशेलमध्ये तासांचंही पाहा. तिथे लहान एचएच म्हणजे बारा तासांचं घड्याळ; दुपारी दोनचा फोटो ०२ होऊन सकाळी अकराच्या आधी लागतो आणि अकरा ते तीन चाललेल्या कार्यक्रमाचा शेवट सुरुवातीला येतो.

माउसनं काम करायचं असेल तर बल्क रीनेम युटिलिटीच पुरेल. घरगुती वापराला ती मोफत आहे, व्यावसायिक वापराला परवाना लागतो. आठव्या क्रमांकाचा चौकोन ऑटो डेटचा. मोड प्रीफिक्स, प्रकार 'टेकन', विभाजक अधोरेषा. एक्झिफ वाचण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो, नाहीतर 'टेकन' रिकामं येतं. यात जुनं नाव मागे आपोआप राहतं. उजव्या रकान्यात नवं नाव आधीच दिसतं ते नजरेखालून घाला, विशेषतः यादीचं पहिलं आणि शेवटचं पान.

मात्र तुमच्याकडे व्हिडिओ, आयफोन आणि घड्याळांचे फरक असं सगळं आहे, म्हणून मी एक्झिफटूल घेईन. फिल हार्वी यांचं मोफत टूल आहे, आज्ञा टाइप करून चालतं. विंडोजची झिप उतरवली की आतल्या प्रोग्रामच्या नावात कंसात 'उणे के' असतं. ते काढून नुसतं एक्झिफटूल असं नाव ठेवा. सोबतचं 'एक्झिफटूल फाइल्स' हे फोल्डर त्याच जागी राहू द्या, त्याच्याशिवाय प्रोग्राम सुरू होत नाही.

आज्ञेचे तुकडे या क्रमानं: प्रोग्रामचं नाव, मग दुहेरी अवतरणात उणे चिन्ह, टेस्टनेम, 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि डेटटाइमओरिजिनल, सगळं मध्ये जागा न सोडता, मग उणे डी, मग दुहेरी अवतरणात साचा, शेवटी फोल्डर. अवतरण विसरलात तर 'पेक्षा लहान'चं चिन्ह कमांड प्रॉम्प्ट स्वतःकडे घेतो आणि एक्झिफटूलपर्यंत पोचूच देत नाही.

साचा: टक्का मोठा वाय, टक्का लहान एम, टक्का लहान डी, अधोरेषा, टक्का मोठा एच, टक्का मोठा एम, टक्का मोठा एस, अधोरेषा, दोन टक्के लहान एफ, ठिपका, दोन टक्के लहान ई. शेवटचे दोन म्हणजे मूळ नाव आणि विस्तारक. त्यांना दोन टक्के का? साचा आधी तारखेच्या चाळणीतून जातो आणि तिथे लहान ई म्हणजे महिन्याचा दिवस. दोन टक्के दिले की पहिल्या फेरीत त्यांचा एक होतो आणि दुसऱ्या फेरीत तो नावाचा म्हणून वाचला जातो. हीच आज्ञा बॅच फाईलमध्ये (आज्ञा साठवून चालवायच्या फाईलमध्ये) लिहिली तर प्रत्येक टक्का पुन्हा दुप्पट करायचा: एकाचे दोन, दोनाचे चार. प्रॉम्प्टवर चाललेली आज्ञा बॅच फाईलमध्ये टाकल्यावर नावं विचित्र आली, तर आधी हेच तपासा.

टेस्टनेम काहीही बदलत नाही, जुनं आणि नवं नाव नुसतं छापतं. आउटपुट मजकुराच्या फाईलमध्ये साठवा. तीच तुमची परतीची यादी. पटलं की टेस्टनेमच्या जागी फाईलनेम लिहा आणि तीच ओळ पुन्हा चालवा.

काही फोटोंत डेटटाइमओरिजिनल नसेल तर एकाच आज्ञेत तीन पर्याय देता येतात: आधी फाईलमॉडिफायडेट, मग क्रिएटडेट, शेवटी डेटटाइमओरिजिनल. यात जो शेवटी सापडेल तो जिंकतो, म्हणून सगळ्यात भरवशाचा शेवटी लिहायचा. क्रम उलटा झाला तर जवळजवळ सगळ्या फाइलींना बदलाची वेळ लागेल आणि एरर एकही येणार नाही. व्हॉट्सॲपचं फोल्डर यातून बाहेर ठेवा.

फोनच्या व्हिडिओंसाठी त्याच ओळीत उणे एपीआय आणि पुढे क्विकटाइमयूटीसी जोडा आणि रकाना क्रिएटडेट घ्या. यूटीसीची वेळ कॉम्प्युटरच्या टाइमझोनप्रमाणे बदलून येते. म्हणून आधी कॉम्प्युटरचा टाइमझोन भारताचा आहे ना तेवढं बघा.

कान्हकाठ (इंदूर)

एवढा खटाटोप कशाला? एक्सप्लोररमध्ये 'डेट टेकन'चा रकाना लावा आणि त्यावर क्लिक करा, क्रम लागला. नावाला हात लावायचीच गरज नाही. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये घेतलेल्या फाइली बाहेरून रीनेम केल्या की कॅटलॉगला त्या सापडत नाहीत, हे वेगळंच.

छावणीकर (इंदूर)

लाइटरूमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. कॅटलॉगमध्ये घेतलेलं असेल तर रीनेम लाइटरूमच्या आतूनच करायचं, किंवा आधी रीनेम आणि मग इंपोर्ट.

'डेट टेकन' मात्र डब्ल्यूएव्हीला नाही, व्हॉट्सॲपच्या फोटोला नाही. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की टीव्ही बहुधा नावानंच लावतो. शिवाय मंडळाकडून फाइली पुढे दहा जणांकडे जाणार, त्यांच्याकडे एक्झिफ टिकेलच असं नाही. नाव टिकण्याची शक्यता जास्त.

बडोदेकर_मांडवी (वडोदरा)

घड्याळांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर वरचं सगळं अचूक करूनही क्रम चुकेल. नाव नेटकं दिसतं, त्यामुळे संशयही येत नाही.

आमच्याकडे नवरात्रीत रात्री गरबा सुरू होण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्यातून एकाच फोनच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवतात. कार्यक्रमानंतर तो फोटो उघडायचा, फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच्या एक्झिफमधली वेळ यांची वजाबाकी करायची, झालं.

तुमची गेर होऊन गेलीय, तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांत सापडलेला एकच क्षण शोधा. गुलालाची मिसाईल उडते तो क्षण उत्तम. गुलाल वर चढतानाची फ्रेम घ्या, पसरल्यावरची नको. ढग बराच वेळ हवेत राहतो आणि सेकंदांचा अंदाज सुटतो. समजा तोच लोट निकॉनमध्ये ११:४२:३० ला आहे आणि कॅननमध्ये ११:३८:१८ ला. कॅनन ४ मिनिटं १२ सेकंद मागे. असे दोन-तीन क्षण घेऊन फरक तोच येतो का पाहा. वेगवेगळा आला तर क्षण ओळखण्यात चूक आहे. दोघांपैकी बरोबर कोण हे ठरवायला फोनचा फोटो घ्या, फोनचं घड्याळ नेटवर्कवरून जुळत असतं. फोनचा व्हिडिओ मात्र संदर्भाला घेऊ नका, काही फोन त्यात मुद्रण संपल्याची वेळ लिहितात.

दुरुस्तीचे दोन रस्ते. एक्झिफमध्येच बदल करायचा तर ऑलडेट्स, अधिक, बरोबर आणि ०:४:१२. यात फाईल नव्यानं लिहिली जाते आणि जुनी प्रत 'ओरिजिनल' शेपटी लावून शेजारी राहते, म्हणून आधी डिस्कवर दुप्पट जागा ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे ग्लोबलटाइमशिफ्ट: फाईलला हात न लावता वाचतानाच वेळ सरकवतो, आणि दुरुस्ती फक्त नावात उतरते. मी दुसरा सुचवेन. तसं केल्यावर एक्झिफ आणि नाव यांत ४ मिनिटं १२ सेकंदांचा फरक राहील, तो फोल्डरमधल्या एका मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवा.

हे प्रत्येक कॅमेऱ्याच्या फोल्डरवर वेगळं चालवायचं. सगळं एकत्र केल्यावर नाही. आधी दुरुस्ती आणि रीनेम, मग एकत्र. हा फरक पुढच्या वर्षीच्या फोटोंना लावू नका, कॅमेऱ्याचं घड्याळ सरकत राहतं.

फरक बरोब्बर १२ तासांचा आला तर घड्याळ लावताना एएम-पीएम चुकलंय. बरोब्बर साडेपाच तासांचा आला तर टाइमझोन. वर्षच भलतं आलं तर बॅटरी बराच काळ काढलेली राहून घड्याळ मूळपदावर गेलंय. तरीही फोटोंमधली आपापसातली अंतरं खरी असतात, त्यामुळे एका ओळखीच्या क्षणावरून सगळे एकदम सरकवता येतात.

पिक्सेल फोन कुणाकडे असेल तर सांभाळा: त्या फोटोंच्या नावात मुळातच तारीख-वेळ असते, पण ती यूटीसी. एक्झिफमध्ये ११:३०:४५ आणि नावात ०६००४५. नावावरून वेळ उचलणारं कुठलंही टूल तिथे फसतं. सॅमसंगच्या नावात स्थानिक वेळ असते.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या कार्यक्रमात यूटीसीची चूक आणखी लपते. गरब्याचा रात्री साडेबाराचा व्हिडिओ यूटीसीत आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सातचा होतो. तारीख बरोबर वाटते, कारण लोकांच्या मनात तो आदल्या रात्रीचाच गरबा असतो. तुमची गेर दिवसाउजेडी, म्हणून चूक लगेच दिसली.

जुनी_इंदूर

खूपच कामाचं मिळालं. तीन गोष्टी राहिल्या. डब्ल्यूएव्हीला कुठली वेळ घ्यायची? एका काकांनी गूगल फोटोजमधून टेकआउट (सगळा साठा एकदम उतरवून घेण्याची सोय) करून दिलंय, त्यातल्या सगळ्या फाइलींवर परवाची तारीख आहे. आणि नावात मराठी, उदाहरणार्थ 'रंगपंचमी_गेर_राजवाडा' असं शेवटी जोडलं तर?

लष्करवाली (ग्वाल्हेर)

टेकआउटमध्ये फोटोंच्या शेजारी जेसन नावाच्या मजकुराच्या फाइली असतात. त्यात 'फोटोटेकनटाइम' खाली एक दहा अंकी आकडा असतो, तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, यूटीसीत. १७४२३६४००० म्हणजे १९ मार्च २०२५, आपल्या घड्याळात सकाळी ११:३०. पण आधी फोटोतलंच एक्झिफ पाहा. मूळ दर्जात साठवलेल्या फोटोंत ते शाबूत असतं आणि जेसनची गरज पडत नाही. एक्झिफ नसेल तरच हा आकडा.

डब्ल्यूएव्ही: काही रेकॉर्डर फाईलच्या आत ब्रॉडकास्ट वेव्हचा भाग लिहितात, त्यात मुद्रण सुरू झाल्याची तारीख-वेळ असते आणि एक्झिफटूल ती डेटटाइमओरिजिनल म्हणूनच दाखवतं. तो भाग नसेल तर उरते बदलाची वेळ, आणि ती मुद्रण संपल्याची असते, कारण रेकॉर्डर शेवटपर्यंत फाईल लिहीत असतो. फाईलची लांबी त्यातून वजा करा. ४० मिनिटांच्या ढोल-ताशावर १२:२५ दिसत असेल तर सुरुवात ११:४५ ची. मेमरी कार्ड ३२ जीबी किंवा लहान असेल तर ते बहुधा फॅट३२ असतं. त्यात बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं नोंदली जाते, सेकंद नेहमी सम. ध्वनी आणि चित्र ओठांशी जुळवायला ही वेळ पुरणार नाही, फाइली क्रमानं लावायला पुरेल.

मराठी नावं चालतात, पण लांबी सांभाळा. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला २५५ एकक मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक धरलं जातं. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'रंगपंचमी_गेर_राजवाडा' याचे ५६ बाइट होतात, चालेल. मंडळाचं पूर्ण नाव, प्रभाग आणि प्रसंग असं सगळं नावात कोंबलं तर लिनक्सवर चालणाऱ्या नेटवर्क डिस्कवर कॉपी अडेल. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी २६० ची मर्यादाही बऱ्याच प्रोग्रामना अजून लागू आहे, तेव्हा फोल्डरांची खोल उतरंड नको. आणि एक्झिफटूल चालवताना फोल्डरचा पत्ता रोमनमध्ये ठेवा, मराठी पत्त्यावर विंडोजमध्ये ते अडखळू शकतं. मराठी शेपूट सगळ्यात शेवटी जोडा, त्यासाठी बल्क रीनेम युटिलिटीचा सातवा चौकोन आहे.

एक खास आपला खड्डा: 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' यांतला ऱ्य. हा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एका चिन्हानं किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना त्याचे दोन तुकडे करते, विंडोज आणि लिनक्स जसं टाइप केलं तसंच ठेवतात. मॅकवरून एक प्रत आणि विंडोजवरून एक प्रत अशी त्याच डिस्कवर आली तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतात, आणि शोधल्यावर एकच सापडते. फाईलच्या नावात 'दुसऱ्या दिवशी' ऐवजी 'दिवस_२' लिहा, तो आकडाही रोमन.

छावणीकर (इंदूर)

पॉवरशेलनं करणाऱ्या कुणासाठी एक राहिलं. यादी देणाऱ्या गेट-चाइल्डआयटम वरून पाइपनं सरळ नाव बदलणाऱ्या रीनेम-आयटमकडे पाठवलं तर विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत फोल्डरची यादी वाचणं आणि नाव बदलणं एकाच वेळी चालतं. नावापुढे तारीख लागलेली फाईल त्या यादीत पुन्हा भेटते आणि तिला पुन्हा तारीख लागते, कधी कधी नाव मावेनासं होईपर्यंत. गेट-चाइल्डआयटम कंसात घाला, म्हणजे आधी पूर्ण यादी तयार होईल आणि मग नावं बदलतील. ओळीच्या शेवटी व्हॉटइफ लावून पहिल्यांदा नुसतं पाहून घ्या. मात्र व्हॉटइफमध्ये हा पुन्हा भेटण्याचा प्रकार दिसत नाही, कारण तिथे नाव खरोखर बदलतच नाही. म्हणून कंस घातलाय ना ते डोळ्यांनीच तपासा.